बेटावरचे छत्तीस दिवस

एकटा माणूस होडीत बसतो आणि सगळ्या पृथ्वीला फेरी घालून परत येतो, असे कोणी सांगितले की आपल्या डोळ्यांपुढे काय उभे राहते? वादळ उभे राहते. डोंगराएवढ्या लाटा आणि फाटलेले शीड दिसते. सांगणारेही तेवढेच सांगतात. परंतु जो माणूस तीन-तीन वर्षे प्रवासात असतो, तो मधून मधून कुठेतरी थांबतही असतो. एखाद्या बेटावर महिना-सव्वा महिना मुक्काम करतो. तिथे तो सकाळी उठून काय करतो, काय खातो, त्याची होडी ओढायला कोण येते, त्याच्याशी बोलायला कोण येते, हे सहसा कोणी विचारीत नाही. आम्हांला या वेळी तेच सांगायचे आहे. घर चालविणाऱ्या माणसाला हे पक्के ठाऊक असते की, पराक्रम एखाद्या दिवसाचा. बाकीचे दिवस धुण्या-भांड्यांचे, डागडुजीचे आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या मदतीचे.

हा माणूस म्हणजे जोशुआ स्लोकम. एकट्याने शिडाच्या होडीतून पृथ्वीप्रदक्षिणा करणारा जगातला पहिला माणूस. आपल्या देशापुरते बोलायचे तर हा मान दिलीप दोंदे यांचा आहे. गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई' या शिडाच्या नौकेतून त्यांनी २००९-१० साली एकट्याने ही फेरी पूर्ण केली आणि वाटेत चार बंदरांत मुक्काम केले. पण या वाटेने पहिल्यांदा गेला तो स्लोकम, आणि तोही शंभरहून अधिक वर्षांपूर्वी.

त्याचे घराणे काही मोठे नव्हते. आज कॅनडात असलेल्या नोव्हा स्कोशिया या भागात २० फेब्रुवारी १८४४ रोजी त्याचा जन्म झाला. शेतीवर भागेना म्हणून वडिलांनी ब्रायर नावाच्या बेटावर कोळी लोकांसाठी बूट तयार करण्याचे दुकान काढले. दहाव्या वर्षाच्या सुमारास पोराची शाळा सुटली, आणि पाटी-पुस्तक जाऊन हातात चामडे आणि हातोडी आली. दुकानाच्या बाहेर समुद्र दिसत होता. आई वारल्यावर सोळाव्या वर्षी मुलगा घर सोडून जहाजावर गेला. खलाशाचे काम करता करता दिशा, तारे आणि नकाशे शिकला आणि पुढे मोठमोठ्या शिडाच्या जहाजांचा कप्तान झाला. त्याची बायको व्हर्जिनिया त्याच्याबरोबर जहाजावरच संसार करीत असे. १८८४ साली ती वारली. तोवर वाफेवर चालणारी जहाजे वाढली होती आणि शिडाच्या जहाजांवरच्या कप्तानांना काम मिळेनासे झाले होते. हातात कसब आहे, पण त्या कसबाला बाजारात गिऱ्हाईक उरले नाही, ही अवस्था आपल्या वाचकांपैकी अनेकांच्या घरात होऊन गेलेली आहे; तिचे वर्णन आम्ही वेगळे करायला नको.

अशा वेळी एका ओळखीच्या कप्तानाने त्याला एक जुनी होडी फुकट देऊ केली. ती होडी पाण्यात नव्हती. अमेरिकेतील फेअरहेवन या गावी एका शेतात कुजत पडली होती. स्लोकमने झाडे तोडून, फळ्या वाकवून तिचा एकेक भाग नवा केला. त्याला तेरा महिने लागले आणि ५५३ डॉलर ६२ सेंट खर्च आला. सेंटापर्यंतचा हिशेब त्याने लिहून ठेवला आहे. होडीची लांबी ३६ फूट ९ इंच. नाव 'स्प्रे', म्हणजे लाटेचे तुषार. २४ एप्रिल १८९५ रोजी, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, तो बोस्टनहून एकटाच निघाला. पाठीशी कोणी शेठ नव्हता, सरकार नव्हते. बंदराबंदरांतून व्याख्याने देऊन आणि होडी दाखवून तो पैसे उभे करीत असे. मेलबर्नच्या बंदरात त्याच्या होडीवर कर बसला, तेव्हा त्याने होडी पाहायला येणाऱ्यांकडून सहा-सहा पेन्स घेतले. तो धंदा मंदावल्यावर एक शार्क मासा पकडला आणि तो पाहायलाही सहा-सहा पेन्स लावले!

भर समुद्रावर त्याचे जेवण साधे असे. बटाटे, खारवलेला मासा आणि आठवड्यातून दोन-तीनदा स्वतः भाजलेली बिस्किटे. चहा, कॉफी, साखर आणि पीठ यांची बेगमी असे. उडते मासे शिडावर आपटून होडीत पडत, ते आयतेच तव्यावर जात. जेवणापेक्षा जड होता तो एकटेपणा. प्रवासाच्या सुरुवातीला धुक्यात सापडला असताना, जहाजावरच्या जुन्या सवयीप्रमाणे तो मोठ्याने हुकूम सोडी आणि सुकाणूवर नसलेल्या माणसाला दिशा विचारी. उत्तर येत नसे. आपलाच आवाज पोकळ वाटू लागला, तेव्हा त्याने हुकूम सोडणे बंद केले आणि गाणी म्हणायला सुरुवात केली.

आता आपण बेटाकडे येऊ. २४ जून १८९७ रोजी ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाजवळच्या थर्स्डे बेटावरून तो निघाला. पुढचा मुक्काम होता हिंदी महासागरातली कीलिंग कोकोस बेटे. अंतर २,७०० मैल. या प्रवासाला तेवीस दिवस लागले, आणि त्या तेवीस दिवसांत सगळे मिळून तीन तासांपेक्षा जास्त वेळ सुकाणू हातात धरावे लागले नाही, असे त्याने लिहिले आहे. शीड आणि सुकाणू अशा बेताने बांधून ठेवायचे की होडी आपली आपण वाट चालते. पण वाट बरोबर आहे की नाही, हे कसे कळणार? ही बेटे इतकी सखल की जवळ गेल्याशिवाय दिसत नाहीत. १७ जुलैच्या सकाळी एक पांढरा पक्षी होडीभोवती घिरट्या घालू लागला. हा पक्षी कीलिंगचा वाटाड्या मानला जाई. स्लोकम डोलकाठीवर अर्ध्यापर्यंत चढला, तर समोर पाण्यातूनच उगवल्यासारखी नारळीची झाडे! तो खाली उतरला आणि त्याला भरून आले. जमिनीवर दिवाणखान्यात बसलेल्यांना हा दुबळेपणा वाटेल, पण मी एकट्याच्या प्रवासाची हकीकत सांगतो आहे, अशा अर्थाचे त्याने लिहिले आहे. आम्हांला हा कणखर माणूस तिथे फार आवडतो. रडू आले ते त्याने लपविले नाही.

कीलिंग कोकोस म्हणजे प्रवाळाच्या लहान लहान बेटांचे एक कडे आहे. कड्याच्या आत उथळ, हिरवट, शांत पाणी; बाहेर खवळलेला महासागर. जावा बेटाच्या नैर्ऋत्येस सुमारे हजार किलोमीटरवर हा ठिपका आहे. प्रख्यात शास्त्रज्ञ चार्ल्स डार्विन एप्रिल १८३६ मध्ये इथे आला होता आणि अशी कडी कशी तयार होतात याचा अभ्यास त्याने इथे केला. इथल्या गमतीही जगावेगळ्या. खेकडे नारळ खातात, मासे प्रवाळ खातात, कुत्री मासे पकडतात, माणसे कासवावर बसतात, आणि शिंपले एवढे मोठे की माणसाचा पाय त्यात अडकावा. डार्विनच्या जहाजाचा कप्तान फिट्झरॉय याने केलेले हे वर्णन स्लोकमनेही आपल्या पुस्तकात दिले आहे.

या बेटावर स्लोकम १७ जुलैपासून २२ ऑगस्टपर्यंत राहिला. छत्तीस दिवस. हा काळ त्याने नारळीखाली झोपून काढला असेल, असे कोणाला वाटेल. पण लाकडी होडीला विसावा म्हणजे दुरुस्ती. पाण्याखालच्या फळ्यांवर शेवाळ आणि शिंपल्या धरतात, त्यामुळे होडीची चाल मंदावते. लाकूड पोखरणारे किडे फळीत शिरले तर होडी आतून पोकळ होते. म्हणून अधूनमधून होडी किनाऱ्यावर ओढून, तळ खरवडून, फटी बुजवून वर डांबर किंवा रंग द्यावा लागतो. पावसाळ्यापूर्वी आपण छपराची कौले चाळतो, तशातलाच हा प्रकार. 'स्प्रे' भरतीच्या पाण्यावर किनाऱ्यावर घेतली गेली आणि दोराने नारळाच्या झाडाला बांधली गेली. मग माणूस तिच्या पोटाखाली शिरला.

एकटा माणूस काम करू लागला की तिथे पहिली येतात ती मुले. बेटावरच्या मुलांना हा पाहुणा मोठा गूढ वाटला. जहाज आले की त्यातून दहा-वीस माणसे उतरतात. याच्या जहाजातून हा एकटाच कसा उतरला? बाकीच्यांचे याने काय केले? मुले लांबूनच पाहत. त्यात एकदा त्यांनी त्याला काळा दाट मुरंबा खाताना पाहिले. होडीला फासायचे डांबर काळे, आणि हा खातो तेही काळे. झाले! कप्तान डांबर खातो, अशी आरोळी उठली आणि पोरे पळत सुटली. स्लोकमने काय करावे? त्याने रागावून कोणाला हाकलले नाही. जहाजावरची बिस्किटे काढली, त्यांना मुरंबा फासला आणि मुलांच्या हातांवर ठेवला. डांबर गोड लागले. त्यानंतर मुलांनी त्याची पाठ सोडली नाही. ज्या घरात लहान मूल पाहुण्याला घाबरून आईच्या पदराआड लपते, त्या घरात हीच युक्ती चालते, हे आमच्या भगिनींना सांगायला नकोच.

काम झाले. होडी परत पाण्यात लोटायची वेळ आली. पण ती हलेना. दोर ओढता ओढता तुटला, तरी ती जागची हलेना. यावर मुलांचे मत ठरलेले होते. पाण्याखाली एक प्रचंड खेकडा आहे आणि त्याने होडीचा तळ नांगीत धरून ठेवला आहे! खेकड्याला तिथल्या भाषेत केपिटिंग म्हणतात. दहा-बारा वर्षांच्या एका मुलीने तर या खेकड्यावर काही ओळी जुळवून त्या स्लोकमच्या रोजच्या नोंदवहीत स्वतःच्या हाताने लिहिल्या. त्याने त्या जपून ठेवल्या आणि पुढे पुस्तकात छापल्या. मग बेटावरच्या मंडळींनी ठरविले की, तिथल्या इमामाने होडीसाठी दुवा मागावी आणि खेकड्याला तळ सोडायला सांगावे. मोबदला म्हणून मुरंब्याचा एक डबा. खेकड्याने खरोखर धरले होते की नाही कोण जाणे, पण पुढच्याच भरतीला होडी तरंगली. भरती चढली की होडी तरंगते, हे स्लोकमला नीट ठाऊक होते. तरी त्याने कोणाची थट्टा केली नाही आणि मुरंब्याचा डबाही चुकता केला. पाहुण्याने कसे वागावे, याचा हा चांगला धडा आहे.

होडी किनाऱ्यावर बांधलेली असतानाच, २२ जुलैला, एक ब्रिटिश युद्धनौका तिथे आली. तिच्यावर एक न्यायाधीश आणि कोर्टाचे अधिकारी होते. त्या काळी ही बेटे आजच्या सिंगापूर-मलेशियाच्या बाजूच्या इंग्रजी वसाहतींना जोडलेली होती. बेटाबेटांवर जाऊन लोकांच्या तक्रारी ऐकायच्या आणि असलेले खटले निकालात काढायचे, हे त्या न्यायाधीशाचे काम. पण कीलिंगवर त्याला काही काम मिळाले नाही. तक्रार म्हणून एकही नव्हती. स्लोकमने हे मोठ्या कौतुकाने लिहिले आहे. त्याच्या मते पृथ्वीवर कुठे स्वर्ग असेल तर तो इथेच. या न्यायाधीशाकडे आम्ही पुढे परत येणार आहोत, म्हणून वाचकांनी त्याला लक्षात ठेवावे.

तोवर बेटावरच्या एका अपघाताची हकीकत. सगळ्या पृथ्वीप्रदक्षिणेत स्लोकमचा जीव जाता जाता वाचला, त्या मोजक्या प्रसंगांपैकी हा एक. आणि तो भर समुद्रातल्या वादळात घडला नाही, मुक्कामात घडला. होडी उलटू नये म्हणून तळात वजन भरावे लागते. त्याच्या होडीत सिमेंटचे वजन होते. ते काढून त्या जागी तिथले प्रचंड शिंपले भरावेत, असे त्याने ठरविले. शिंपले आतल्या पाण्याच्या पलीकडच्या बाजूला मिळत. ते आणायला तो बेटावरच्या एका आफ्रिकी वंशाच्या माणसाबरोबर, एका मोडक्या होडक्यातून निघाला. शीड जीर्ण, वल्हे नाही, आणि नांगर असला तरी दोर पुरेना. मध्येच वाऱ्याचा झोत आला, शीड फाटले आणि होडके उघड्या समुद्राकडे वाहू लागले. त्या दिशेला पुढची जमीन म्हणजे आफ्रिका, तीन हजार मैलांवर. होडक्यात पिण्याच्या पाण्याचा थेंब नव्हता. शिवाय स्लोकमला पोहता येत नव्हते! हाताशी होता फक्त एक बांबूसारखा लांब सोट. त्याचेच वल्हे करून जिवाच्या आकांताने पाणी मारले. नशिबाने वारा किंचित वळला, पाणी उथळ झाले, सोट तळाला टेकला आणि होडके किनाऱ्याला लागले. पुढे चांगली भक्कम होडी घेऊन तीस शिंपले आणण्यात आले आणि तीन टन सिमेंट समुद्रात टाकण्यात आले. पृथ्वीला फेरी घालणाऱ्या माणसाला मरण भेटले ते घराजवळच्या उथळ पाण्यात आणि उसन्या मोडक्या होडक्यात. 'इथेच तर जायचे आहे' असे म्हणून जे काम आपण निष्काळजीपणे करतो, तिथेच घात होतो. विजेचे काम करणाऱ्या, परातीवर चढणाऱ्या आणि गटारात उतरविल्या जाणाऱ्या माणसांच्या घरच्यांना याचा अर्थ चांगला कळेल.

२२ ऑगस्टला 'स्प्रे' बेट सोडून निघाली. तिथली माणसे दृष्टीआड झाली पण मायेच्या आड झाली नाहीत, अशा भावनेने त्याने त्यांचा निरोप घेतला आहे. ही माया खोटी नव्हती. त्याचे पुस्तक १९०० साली निघाले आणि आजही वाचले जाते. त्यातली कीलिंगची पाने सर्वांत गोड आहेत.

पण वाचकहो, त्या पानांच्या मागे काय होते, तेही सांगितले पाहिजे. अलेक्झांडर हेअर नावाच्या एका इंग्रजाने १८२६ साली या निर्जन बेटांवर शंभराच्या आसपास माणसे आणून वसविली. त्यांत मलय प्रदेशातली बरीच, स्त्रिया पुष्कळ, आणि ती गुलाम म्हणून आणलेली. पुढच्याच वर्षी जॉन क्लुनीज-रॉस हा स्कॉटिश कप्तान कुटुंबासह येऊन राहिला. १८३१ मध्ये हेअर निघून गेला आणि बेट रॉस घराण्याच्या हाती आले. १८८६ साली व्हिक्टोरिया राणीने ती बेटे या घराण्याला कायमची देऊन टाकली. म्हणजे स्लोकम उतरला तेव्हा जमीन रॉसची, नारळ रॉसचे, घरे रॉसच्या जमिनीवर, होड्या रॉसच्या आणि दुकानही रॉसचे. मलय आणि जावाहून आणलेले मजूर नारळ गोळा करीत, सोलीत, खोबरे वाळवीत. मजुरी घराण्याच्या स्वतःच्या चलनात मिळे. आधी मेंढीच्या कातड्यावरच्या नोटा होत्या आणि १९१३ पासून हस्तिदंतासारखे दिसणारे बिल्ले आले. त्यांना नाव मात्र रुपया! हा रुपया घराण्याच्या दुकानाबाहेर कुठेच चालत नसे. विसाव्या शतकातही बेट सोडून जाणाऱ्याला परत येण्याची मुभा नसे.

आता तो न्यायाधीश आठवा. युद्धनौका घेऊन तो आला, तक्रार आहे का म्हणून विचारले आणि एकही तक्रार आली नाही. तक्रार करायला काय लागते? उद्याही उभे राहता येईल अशी जागा लागते. आणि तक्रार केल्यावर ती भाकरी बंद झाली, तर दुसरीकडे भाकरी विकत घेता येईल असा पैसा हातात लागतो. ज्याच्या घराखालची जमीन मालकाची आणि ज्याच्या खिशातला पैसा मालकाच्याच दुकानात चालतो, तो परक्या भाषेच्या न्यायाधीशापुढे उभा राहून काय बोलणार? न्यायाधीश परत जाईल. तो तिथेच राहणार आहे. रॉस मंडळी क्रूर होती असे आम्ही म्हणत नाही. त्या वेळच्या रॉसची स्वतःची बायको मलय होती, आणि स्लोकमला त्या घरात आदराने वागविण्यात आले. पण दयाळू मालक असला तरी तो मालकच असतो, आणि 'तक्रार नाही' याचा अर्थ 'दुःख नाही' असा होत नाही.

स्लोकमला हे दिसले नाही, कारण तो पाहुणा होता. पाहुण्याला माजघर दिसते, मोरी दिसत नाही. त्याच्या पुस्तकात रॉसचे नाव आहे, न्यायाधीशाचे आहे, इमामाचे आहे. ज्या माणसाच्या बरोबर त्या मोडक्या होडक्यात तो मरणाच्या दारापर्यंत गेला, त्या माणसाचे नाव मात्र नाही. आहे ते त्याच्या वर्णाचे नाव. दहाव्या वर्षी बुटांच्या दुकानात बसविलेल्या मुलाच्या हातून हे झाले, म्हणून आम्हांला त्याचे अधिक वाईट वाटते.

हाच प्रकार पुढच्या बेटावर. रॉड्रिग्स बेटावर काही दिवस थांबून १९ सप्टेंबरला तो मॉरिशसला पोहोचला आणि २६ ऑक्टोबरपर्यंत तिथे राहिला. तिथे नाट्यगृहात त्याचे व्याख्यान झाले, मोठमोठ्यांनी पाहुणचार केला. त्याच वेळी त्या बेटावरच्या उसाच्या मळ्यांत हिंदुस्थानातून करारावर नेलेले मजूर राबत होते. १८३४ पासून विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत जवळजवळ पाच लाख माणसे अशी तिथे उतरली. त्यांत मुंबई बंदरातून गेलेली रत्नागिरीकडची मराठी माणसेही होती. त्यांचे वंशज आजही तिथे आहेत, आणि तिथल्या शाळांत मराठी शिकविले जाते. ज्या धक्क्यावर हे मजूर उतरले, तो पोर्ट लुईचा आप्रवासी घाट २००६ साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून नोंदविला. ज्या बंदरात स्लोकमचे स्वागत झाले, त्याच बंदरात आपली माणसे नंबर लावून मोजून घेतली जात होती. एकाच बेटावर दोन मुक्काम चालले होते: एक पाच आठवड्यांचा, दुसरा पिढ्यान्‌पिढ्यांचा.

कीलिंगच्या लोकांचे पुढे काय झाले, तेही वाचकांना कळले पाहिजे. १९५५ साली बेटे ऑस्ट्रेलियाकडे आली. १९७४ साली संयुक्त राष्ट्रांचे पथक तिथे पाहणीला गेले आणि मजुरांची स्थिती जगापुढे आली. १९७८ साली ऑस्ट्रेलियाच्या सरकारने साडेबासष्ट लाख डॉलर देऊन रॉस घराण्याकडून बेटे विकत घेतली आणि त्या बिल्ल्यांचे राज्य संपले. ६ एप्रिल १९८४ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली बेटावरच्या लोकांनी मतदान केले. स्वतंत्र व्हायचे, ऑस्ट्रेलियाशी सैल नाते ठेवायचे, की ऑस्ट्रेलियात बरोबरीचे नागरिक म्हणून सामील व्हायचे, असे तीन पर्याय होते. प्रचंड बहुमताने लोकांनी तिसरा पर्याय निवडला. न्यायाधीशाने विचारल्यानंतर सत्त्याऐंशी वर्षांनी त्यांनी उत्तर दिले. त्या दिवशी हातात मतपत्रिका होती आणि विचारणारा मालकाचा पाहुणा नव्हता. आज तिथे सुमारे सहाशे माणसे राहतात. त्यांतील बहुतेक त्या जुन्या मजुरांचे वंशज आहेत.

स्लोकम २७ जून १८९८ रोजी अमेरिकेत परतला. ४६,००० मैलांचा प्रवास झाला होता. पुढे दहा-अकरा वर्षांनी, म्हणजे १९०८-०९ च्या सुमारास, तो पुन्हा त्याच होडीतून एकटाच निघाला आणि परत आला नाही. त्याच्याविषयीचा आमचा आदर कमी झालेला नाही. शाळा सुटलेला मुलगा स्वतःच्या हाताने होडी बांधतो, स्वतःच्या हाताने पुस्तक लिहितो आणि घाबरलेल्या मुलांना मुरंबा देऊन आपलेसे करतो, हे थोडे नव्हे. आमचे म्हणणे एवढेच की, पुस्तक वाचताना त्यात नाव नसलेल्या माणसाचीही चौकशी करावी.

म्हणून या आठवड्यात एक काम करावे. घरातल्या मुलांकडून शाळेचा नकाशा मागून घ्यावा. जावा आणि सुमात्रा शोधावे, तिथून खाली नैर्ऋत्येला बोट न्यावे. मोठ्या नकाशात तिथे दोन बारीक ठिपके सापडतील. लहान नकाशात नुसते निळे पाणी असेल, तर मुलांनी पेन्सिलीने तिथे ठिपका द्यावा आणि शेजारी 'कीलिंग कोकोस' असे लिहावे. मग आधी त्यांना खेकड्याची गोष्ट सांगावी. ती ऐकून झाली की मोडक्या होडक्यातल्या त्या दुसऱ्या माणसाचे नाव काय असेल, ते मुलांना विचारावे.